‘संशोधनात सिद्ध झाले आहे’ म्हणजे काय? संशोधन आढाव्यांचे प्रकार आणि ते वाचण्याची पद्धत

मागच्या खरिपात फुलंब्री तालुक्यातील एक शेतकरी माझ्याकडे माहितीपत्रक घेऊन आले. कपाशीवर फवारायच्या एका वाढ उत्तेजकाचे ते पत्रक होते. खर्च एकरी १,४०० रुपये आणि त्यांची कपाशी ६ एकर, म्हणजे ८,४०० रुपयांचा प्रश्न. पत्रकाच्या मागे बारीक अक्षरात २२ शोधनिबंधांची यादी होती आणि वर ठळक छापले होते, ‘२२ संशोधनांत सिद्ध’. त्यांनी विचारले, ‘‘साहेब, बावीस जण सांगतात म्हणजे खरंच असेल ना?’’

आम्ही दोघांनी बसून यादी तपासली. निम्म्याहून अधिक निबंध कुंडीतल्या किंवा हरितगृहातल्या रोपांवरचे होते. उरलेल्यांत टोमॅटो आणि इतर भाजीपाला जास्त होता. कोरडवाहू कपाशीवर एकही निबंध नव्हता. यादी खोटी नव्हती, पण ती निवडून केलेली होती. ज्या प्रयोगांत फायदा दिसला नाही ते यादीत येण्याचे कारणच नव्हते.

एका विषयावरचे अनेक प्रयोग एकत्र करून निष्कर्ष काढण्याला संशोधनाच्या भाषेत साहित्य आढावा म्हणतात. इथे ‘साहित्य’ म्हणजे त्या विषयावर प्रसिद्ध झालेले निबंध, प्रबंध आणि अहवाल. हे आढावे अनेक प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची विश्वासार्हता वेगळी असते. कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्रातील सहकारी आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी यांना हे प्रकार माहीत असायलाच हवेत. शेतकरी बंधूंनाही त्यांची तोंडओळख उपयोगी पडेल, कारण शेवटी पैसे तुमच्या खिशातून जातात.

साधा आढावा

कृषी पदव्युत्तर प्रबंधाचे दुसरे प्रकरण बहुतेक वेळा ‘संदर्भ साहित्याचा आढावा’ हे असते. अमुक शास्त्रज्ञांना अमुक वर्षी असे आढळले, तमुक शास्त्रज्ञांना तसे आढळले, अशी ती मांडणी असते. याला कथनात्मक आढावा म्हणतात. विषयाची ओळख करून घ्यायला तो चांगला असतो. एखाद्या जाणकार शास्त्रज्ञाने लिहिलेला असा आढावा वाचून वर्षभराचे वाचन वाचते, हा माझा अनुभव आहे.

त्याची अडचण एकच, पण मोठी आहे. कोणते निबंध घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे लिहिणारा स्वतः ठरवतो आणि ते कसे ठरवले हे सांगत नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना माझ्या प्रबंधात हेच केले. माझ्या निष्कर्षाशी जुळणारे निबंध सविस्तर लिहिले आणि न जुळणारे दोन-तीन एका वाक्यात गुंडाळले. मुद्दाम लबाडी केली नव्हती. माणसाचा हात आपोआप सोयीच्या कागदाकडे जातो. पत्रकावरची ती यादीही याच जातीची, फक्त तिथे हात मुद्दाम गेलेला होता.

पद्धतशीर आढावा

ही उणीव काढण्यासाठी पद्धतशीर आढावा, म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, पुढे आला. यात प्रश्न, शोधाची पद्धत आणि निवडीचे नियम आधी लिहून ठेवतात आणि मग शोध सुरू करतात. निकाल पाहून नियम बदलायचे नाहीत. वैद्यकशास्त्रात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेने ही पद्धत रुजवली. पुढे समाजकार्य, पर्यावरण आणि शेती या विषयांतही ती आली.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. कोरडवाहू सोयाबीनमध्ये सपाट पेरणीपेक्षा रुंद वरंबा सरी पद्धतीने, म्हणजे बीबीएफने, उत्पादन वाढते का? या प्रश्नाचे चार भाग पडतात. पीक आणि परिस्थिती कोणती, काय केले, कशाशी तुलना केली आणि काय मोजले. हे चार भाग स्पष्ट नसतील तर पुढचे सगळे काम ढिसाळ होते. ‘बीबीएफ फायदेशीर आहे का’ एवढाच प्रश्न ठेवला, तर त्यात बागायती गहूही येईल आणि हरभराही येईल.

मग शोध. इथे शब्दांची गंमत कळते. कोणी ‘बीबीएफ’ लिहिते, कोणी ‘रुंद वरंबा सरी’, कोणी ‘गादीवाफा’, तर इंग्रजी निबंधांत ‘रेज्ड बेड’ हा शब्द असतो. एकाच शब्दाने शोध घेतला तर निम्मे प्रयोग निसटतात. शोध कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत घेतला हेही लिहावे लागते. कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रांना ‘सेरा’ या सुविधेतून अनेक संशोधन नियतकालिके वाचता येतात आणि कृषी विद्यापीठांतील प्रबंध ‘कृषिकोष’ या संकेतस्थळावर ठेवलेले असतात. हे प्रबंध फार महत्त्वाचे आहेत, कारण ज्या प्रयोगात काहीच फरक दिसला नाही त्याचा निबंध सहसा छापला जात नाही, पण प्रबंध मात्र सादर करावाच लागतो.

सापडलेली यादी दोन जणांनी एकमेकांना न विचारता चाळायची आणि मतभेद झाला तर तिसऱ्याने निर्णय द्यायचा, अशी पद्धत आहे. किती निबंध सापडले, किती गाळले, का गाळले आणि किती उरले याचा एक आराखडा देतात. या लेखनासाठी ‘प्रिझ्मा’ नावाची नियमावली २००९ मध्ये आली आणि २०२० मध्ये सुधारली गेली. तिच्यात २७ मुद्द्यांची तपासणी यादी आहे. एखाद्या आढाव्यात हा आराखडा नसेल आणि तरी शीर्षकात ‘पद्धतशीर’ असेल, तर सावध राहा. आजकाल हा शब्द सढळ हाताने वापरला जातो.

यानंतर प्रत्येक प्रयोगाचा दर्जा तपासायचा असतो. शेतीतल्या प्रयोगात मी आधी पाहतो ते असे: पुनरावृत्त्या किती होत्या, वाफ्यांची मांडणी चिठ्ठ्या टाकून केली होती का, प्रयोग किती हंगाम चालला आणि तुलनेचा वाफा खरोखर तुलनेचा होता का. शेवटचा मुद्दा आपल्याकडे हमखास चुकतो. आद्यरेषीय प्रात्यक्षिकात शेतकऱ्याला सुधारित वाण, बीजप्रक्रिया, खतमात्रा आणि बीबीएफ असे सगळे एकत्र दिले जाते आणि तुलना होते शेजारच्या जुन्या वाणाच्या सपाट पेरणीशी. तिथे उत्पादन वाढले तर ते श्रेय बीबीएफचे किती आणि वाणाचे किती? प्रात्यक्षिक म्हणून ते उत्तम आहे, पण या प्रश्नाचा पुरावा म्हणून ते कच्चे आहे.

स्कोपिंग आढावा आणि पुरावा नकाशा

काही वेळा ‘फायदा होतो का’ हे विचारण्याच्या आधीच थांबावे लागते, कारण त्या विषयावर मुळात काय काय झाले आहे हेच ठाऊक नसते. अशा वेळी स्कोपिंग आढावा करतात. आर्क्सी आणि ओ’मॅली या संशोधकांनी २००५ मध्ये त्याची पद्धत मांडली. यात निकालाचा न्याय करत नाहीत. विषयाची व्याप्ती मोजतात. पुरावा नकाशा याच घरातला. एका बाजूला उपाय, दुसऱ्या बाजूला परिणाम असा तक्ता करून कोणत्या चौकटीत किती अभ्यास आहेत ते दाखवतात. रिकाम्या चौकटी म्हणजे पुढच्या विद्यार्थ्यांचे विषय. मराठवाड्यातील मोसंबी किंवा आल्यावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रयोगाचा विषय ठरवण्याआधी असा छोटा नकाशा काढला, तर त्याच त्या खतमात्रेच्या प्रयोगांची भर पडणार नाही.

मेटा-अॅनालिसिस: सरासरी आणि सरासरीमागचे शेत

पद्धतशीर आढाव्यात गोळा झालेले आकडे संख्याशास्त्राने एकत्र केले की त्याला मेटा-अॅनालिसिस म्हणतात. हे नाव अमेरिकेतील जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये दिले. पण मूळ कल्पना आपल्याच क्षेत्रात फार आधी रुजली होती. इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्राशी जोडलेल्या येट्स आणि कॉक्रन यांनी १९३८ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणच्या शेती प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण कसे करावे यावर निबंध लिहिला. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या कृषी संख्याशास्त्राच्या पुस्तकावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. त्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. तेव्हा ही पद्धत डॉक्टरांकडून उसनी घेतली असे समजण्याचे कारण नाही.

यात प्रत्येक प्रयोगाला सारखे वजन देत नाहीत. एका हंगामात तीन पुनरावृत्त्यांत झालेला प्रयोग आणि चार ठिकाणी तीन वर्षे चाललेला प्रयोग एका पारड्यात कसे टाकणार? तसेच क्विंटलऐवजी बहुधा टक्क्यांत फरक मोजतात. हेक्टरी १० क्विंटलचे १२ झाले आणि २५ चे २७ झाले, दोन्हीकडे वाढ २ क्विंटलच. पण पहिल्यात ती २० टक्के आहे, दुसऱ्यात ८.

‘१२ पैकी ९ प्रयोगांत फायदा’ अशी मतमोजणी मात्र मेटा-अॅनालिसिस नव्हे. नऊ प्रयोग लहान आणि ढिले, तीन मोठे आणि काटेकोर असतील, तर सत्य त्या तिघांकडे असू शकते.

आता एक खरे उदाहरण. शून्य मशागतीचा विषय आपल्याकडे जोरात आहे. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा तंत्र अनेकांनी पाहिले असेल. ‘नांगरट बंद केली तर उत्पादन घटते की वाढते’ यावर पिटेलकाव आणि सहकाऱ्यांचे मेटा-अॅनालिसिस २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. ६१० अभ्यास, ६३ देश, ४८ पिके आणि नांगरलेल्या-न नांगरलेल्या शेतांच्या ५,४६३ जोड्या. एकूण सरासरी उत्तर होते, शून्य मशागतीने उत्पादन ५.७ टक्के घटते.

इथेच वाचणे थांबवले तर तुम्ही शेतकऱ्याला चुकीचा सल्ला द्याल. याच अभ्यासात पुढे म्हटले आहे की कोरड्या हवामानातील पावसावरच्या शेतीत शून्य मशागतीसोबत पिकांचे अवशेष जमिनीवर ठेवले आणि पीक फेरपालट केली, तर उत्पादन सुमारे ७ टक्के वाढले. आपल्या जिल्ह्याची शेती बहुतांशी याच गटातली. म्हणजे जगाची सरासरी एक सांगते आणि आपल्यासारख्या शेतांचा गट नेमके उलटे सांगतो.

पण मला अजून एक पायरी पुढे जावे लागते. ‘अवशेष जमिनीवर ठेवले’ ही अट आपल्याकडे किती शेतकरी पाळू शकतात? ज्वारीचा आणि मक्याचा कडबा जनावरांच्या दावणीला जातो. दुष्काळी वर्षात तर कडब्याची किंमत धान्याला गाठते. कपाशीची पऱ्हाटी शेतात तशीच ठेवणे गुलाबी बोंड अळीच्या दृष्टीने धोक्याचे आहे, ती काढून किंवा बारीक करून वेळेत विल्हेवाट लावावी लागते. तेव्हा ७ टक्क्यांचा आकडा अटींसकट सांगा. सोयाबीनचे भुसकट किंवा मक्याची धाटे निदान काही भागात ठेवता येत असतील, तर तेवढ्या पट्ट्यावर सुरुवात करायला माझी हरकत नाही. नुसती नांगरट बंद करून जमीन उघडी ठेवणाऱ्याने त्या आकड्याची आशा धरू नये.

शोधाची तारीख पाहायला विसरू नका

आढावा कितीही काटेकोर असला तरी तो शोधाच्या शेवटच्या तारखेवर थांबलेला असतो. जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाचे क्लुम्पर आणि काइम यांनी २०१४ मध्ये जनुकीय बदल केलेल्या पिकांवरच्या १४७ अभ्यासांचे मेटा-अॅनालिसिस प्रसिद्ध केले. सरासरी निष्कर्ष असा: उत्पादन २२ टक्के जास्त, रासायनिक कीटकनाशकांचा वापर ३७ टक्के कमी, शेतकऱ्याचा नफा ६८ टक्के जास्त. आजही भाषणांत हे आकडे ऐकू येतात.

त्यांचा शोध मार्च २०१४ पर्यंतच्या निबंधांचा होता. महाराष्ट्रात गुलाबी बोंड अळीने मोठे नुकसान केले ते २०१७ च्या हंगामात. बीटी कपाशी भारतात २००२ मध्ये आली, दोन जनुकांची बीजी-२ २००६ मध्ये आली आणि मग अळीने त्या विषाला दाद देणे बंद केले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांची आकडेवारी मांडली, तेव्हा शेतकऱ्याचा कीटकनाशकांवरचा खर्च बीटी येण्याआधीपेक्षाही वर गेल्याचे दाखवले. दोन्ही अभ्यास आपापल्या जागी आहेत. पण २०१४ चा आकडा आजच्या कपाशीवर लावणे म्हणजे जुन्या सातबाऱ्यावर नवा व्यवहार करण्यासारखे आहे.

हे टाळण्यासाठी आता काही विषयांत ‘जिवंत आढावा’ ठेवतात. नवे प्रयोग आले की निष्कर्ष पुन्हा मोजतात. कीड-रोगांच्या बाबतीत ही पद्धत आपल्याकडे यायला हवी असे मला मनापासून वाटते.

घाईच्या वेळचा आढावा

पूर्ण पद्धतशीर आढाव्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागते. कीड तेवढी थांबत नाही. अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत दिसली, २०१८ मध्ये कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावर. सिल्लोड, कन्नडकडच्या मका उत्पादकाला उत्तर त्याच हंगामात हवे होते. अशा वेळी जलद आढावा करतात. शोध मोजक्या ठिकाणी घ्यायचा, चाळणी एकानेच करायची आणि काय काय गाळले ते स्पष्ट लिहायचे. पोंग्यात दाणेदार विष्ठा दिसली की अळी पोंग्यातच उपाय पोचला पाहिजे, एवढे हाती लागले तरी हंगाम वाचतो. त्याला अंतिम शब्द मात्र समजू नये, पुढच्या वर्षी तो तपासून घ्यावा.

आकड्यांपलीकडचे ‘का’

विस्तार कार्यकर्त्यांसाठी हा प्रकार सर्वांत उपयोगी आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. काही आढावे आकड्यांसोबत शेतकऱ्यांच्या मुलाखती, गटचर्चा, निरीक्षणे हेही एकत्र करतात. त्यांना संमिश्र आढावा म्हणतात.

शेतीशाळेचे उदाहरण पाहा. क्रॉपसॅप किंवा पोकराच्या निमित्ताने तुमच्यापैकी अनेकांनी शेतीशाळा घेतल्या आहेत. वॉडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगभरच्या शेतीशाळांचा असा आढावा केला. शाळेत बसलेल्या शेतकऱ्यांचे उत्पादन सरासरी सुमारे १३ टक्के आणि निव्वळ उत्पन्न सुमारे २० टक्के वाढलेले दिसले. पण शेजारच्या, शाळेत न आलेल्या शेतकऱ्यांपर्यंत तो फायदा पोचल्याचे दिसले नाही. लहान प्रकल्पांतले यश मोठ्या कार्यक्रमांत तसेच उतरले असेही दिसले नाही.

आकडे एवढेच सांगतात. मुलाखतींचे अभ्यास त्यामागचे कारण सांगतात. शेतीशाळेतले शिक्षण हाताने करून, शेतात बसून, मित्रकीड-शत्रूकीड मोजून होते. ते पारावर सांगून दुसऱ्याला देता येत नाही. आपल्या अहवालात मात्र ‘२५ शेतकरी प्रशिक्षित, ५०० शेतकऱ्यांपर्यंत प्रसार’ असे रकाने असतात. त्या दुसऱ्या रकान्याबद्दल मला बरीच वर्षे शंका होती. हा आढावा वाचल्यावर मी तो आकडा लिहिताना हात आखडता घेतो.

आढाव्यांचा आढावा

एकाच विषयावर अनेक मेटा-अॅनालिसिस झाली की त्यांचाही आढावा घेतात, त्याला छत्री आढावा म्हणतात. सेंद्रिय शेतीचे उदाहरण बोलके आहे. २०१२ मध्ये सॉयफर्ट आणि सहकाऱ्यांनी सेंद्रिय उत्पादन सरासरी २५ टक्के कमी असल्याचे सांगितले, त्याच वर्षी डी पोंटी आणि सहकाऱ्यांनी २० टक्के, तर २०१५ मध्ये पोनिसिओ आणि सहकाऱ्यांनी १९.२ टक्के. कोणी चुकले असे नाही. कोणते प्रयोग घेतले आणि कसे मोजले यात फरक आहे. सॉयफर्ट यांच्या अभ्यासात तर पावसावरची द्विदल पिके आणि बहुवार्षिक पिके योग्य सामूच्या जमिनीत घेतली, तिथे घट फक्त ५ टक्के होती. तूर-हरभरा करणाऱ्याला २५ चा आकडा सांगून घाबरवू नका आणि कपाशीवाल्याला ५ चा सांगून भुलवू नका.

मग स्थानिक शिफारशीचे काय?

हा प्रश्न प्रशिक्षणात नेहमी येतो. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा राहुरी, अकोला, दापोली येथील विद्यापीठे ज्या शिफारशी देतात, त्या आपल्याच विभागातील काही हंगामांच्या प्रयोगांवर उभ्या असतात आणि चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, जॉइंट अॅग्रेस्कोमध्ये, चर्चेनंतर मंजूर होतात. वाणाची निवड, पेरणीची वेळ, खतमात्रा अशा निर्णयांत मी जगाच्या सरासरीआधी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी उघडतो. जगभरचा आढावा लागतो तो दोन वेळी: विषय आपल्याकडे नवा असेल तेव्हा, आणि शिफारस जुनी होऊन कीड, हवामान किंवा वाण बदलले असतील तेव्हा.

फुलंब्रीच्या त्या शेतकऱ्यांना मी पत्रक परत दिले आणि तीन प्रश्न लिहून दिले. यातले किती प्रयोग कोरडवाहू कपाशीचे? ज्यांत फायदा दिसला नाही ते प्रयोग कुठे आहेत? प्रयोगाचा खर्च कोणी केला? विक्रेत्याकडून त्यांना उत्तर मिळाले नाही. तरीही त्यांना करून पाहायचेच होते, तेव्हा ६ एकरांऐवजी अर्ध्या एकरावर फवारणी ठरली. शेताच्या एका कडेला नव्हे, तर मध्यातून आलटून पालटून चार-चार तासांचे पट्टे, एक फवारलेला, एक तसाच, प्रत्येक पट्ट्याच्या तोंडाशी खुंटी. तिन्ही वेचण्यांचा कापूस पट्ट्यानुसार वेगळ्या गोणीत भरून तोलायचा आणि वजन वहीत लिहायचे.